हरभऱ्याएवढं डोकं आणि 'स्किन कलर'

मागच्या वीकांताला इथे काही लिहिलं नाही, कारण हात रंगात होते. अक्षरशः. १/३५ स्केलच्या एका रणगाड्याच्या ड्रायव्हरचं तोंड रंगवत होतो. या स्केलला उभा माणूस साधारण पाच सेंटिमीटरचा भरतो आणि डोकं साडेसहा मिलिमीटरचं. हरभऱ्याएवढं. त्यावर तीन शनिवार-रविवार घालवणाऱ्या माणसाला घरचे काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. आजचा लेख जरा भांडणाचा आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्लास्टिकचे सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि शेवटी चिखल-गंज-धूळ असं सगळं खोटं खोटं लावून गाडी 'जुनी' करायची. हापिसात दिवसभर जे बनवतो ते हातात धरता येत नाही, म्हणून घरी येऊन हे करायचं. बहुतेक लोक गाडीपाशीच थांबतात. काही जण गाडीत माणसं बसवतात. माझं भांडण या दुसऱ्या गटाशी आहे, आणि त्यात मी स्वतःही आलो.

सुरुवात नंदुरबारला झाली. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत घरी गेलो तेव्हा रात्रभर बसमध्ये मांडीवर खोकं धरून एक सेंच्युरियन नेला होता. १९७१ च्या बसंतरच्या लढाईतला, पूना हॉर्सचा. १६ डिसेंबरला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या लढाईत पडले तीच ही लढाई. जन्म पुण्याचा, वय २१, मरणोत्तर परमवीर चक्र. आमच्या गल्लीत नाना राहतात. ते लष्करात रणगाड्याचे ड्रायव्हर होते, टी-५५ वर. मॉडेल त्यांना दाखवायला नेलं, कारण कौतुक करून घ्यायचं होतं हे उघडच आहे.

नानांनी चष्मा कपाळावर ढकलून ते अगदी डोळ्यांजवळ नेलं. ड्रायव्हर उजवीकडे बघून म्हणाले, आमचा डावीकडे बसायचा. (बरोबर आहे. सेंच्युरियनचा ड्रायव्हर उजवीकडे, टी-५५ चा डावीकडे.) चिखल आवडला. केबल आवडली. मग बोटाचं टोक ड्रायव्हरच्या डोक्यापाशी नेऊन त्यांनी अहिराणीत विचारलं, "हाऊ कोनता सायेब शे रे भाऊ?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. काळी डांगरी घातलेला, भारतीय रणगाड्याच्या हॅचमधून वर आलेला माझा ड्रायव्हर गुलाबी होता. चांगला टवटवीत, यॉर्कशायरचा. बाटलीवर 'फ्लेश' लिहिलं होतं, मी तो लावला होता, बस्स. चिखलाच्या चार छटा मिसळायला मी दोन रात्री जागलो होतो आणि माणसाच्या कातडीसाठी बाटलीचं झाकण उघडण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

नाना हसले आणि विषय संपला. माझा मात्र संपला नाही. पुण्याला आल्यावर तोंडं खरवडली आणि पुन्हा रंगवली. जमेल तशी, पण तपकिरी. पुढच्या वर्षी हौशी लोकांच्या एका छोट्या प्रदर्शनात तेच मॉडेल ठेवलं. परीक्षण करणारे गृहस्थ या छंदात माझ्यापेक्षा खूप जुने, हात त्यांचा खरंच सोन्याचा. त्यांनी गाडीला चांगले गुण दिले आणि माणसांपुढे शेरा लिहिला: 'चेहरे मळकट वाटतात. उजळ करावेत.'

मळकट!

मी विचारलं तर त्यांनी अगदी प्रेमानं स्केल इफेक्ट समजावला. म्हणजे असं की, लांबच्या वस्तूचा रंग मधल्या हवेमुळे फिकट दिसतो, आणि छोटं मॉडेल हे लांबून पाहिलेल्या मोठ्या वस्तूसारखं असतं, म्हणून रंग मूळापेक्षा थोडा फिका घ्यायचा. सिद्धांत बरोबर आहे, मीही गाडीला तो वापरतो. पण ऑलिव्ह हिरव्यात थोडा पांढरा घातला तर फिका हिरवा मिळतो, त्याचा निळा होत नाही. तपकिरीचा फिका तपकिरी होईल. गुलाबी कसा काय होईल हो? स्केल इफेक्टनं जात बदलल्याचं उदाहरण फक्त माणसाच्या चेहऱ्यात सापडतं.

आणि हीच मंडळी रंगाच्या बाबतीत किती काटेकोर आहेत ते तुम्हाला सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन गाड्यांना फेब्रुवारी १९४३ पासून एक मातकट पिवळा रंग आला, डुंकेलगेल्ब, आरएएल ७०२८. तो नेमका पिवळ्याकडे झुकायचा की हिरव्याकडे की वाळूकडे, यावर मी तरुण प्रौढ माणसांना मित्रत्व तोडताना पाहिलं आहे. कारखान्यातून तो रंग घट्ट लेपाच्या रूपात यायचा, आघाडीवर कुणी पेट्रोल घालून पातळ करायचं तर कुणी पाणी, म्हणून प्रत्येक गाडीची छटा वेगळी पडायची, हे सगळं तोंडपाठ. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीच्या नाझी पत्र्याच्या छटेसाठी इतका जीव काढायचा, आणि आपल्याच माणसाच्या गालासाठी एक बाटली. तीही परदेशातल्या कुणीतरी स्वतःच्या गालाकडे बघून नाव दिलेली.

'अरे छंद आहे, त्यात कशाला हे आणतोस?' हे वाक्य मला आतापर्यंत चार वेळा ऐकवलं गेलंय. मी कुठून आणतोय? ते बाटलीवर छापलेलंच आहे.

आणि आपण रंगांना आंधळे आहोत असंही नाही. माझ्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेडा आहे, तिथे दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. लहानपणी वडिलांबरोबर जायचो. तिथे कुणी 'तपकिरी घोडा' असं म्हणत नाही. म्हटलंत तर गिऱ्हाईक नवखं आहे हे ओळखून भाव चढतो. कुमैत म्हणजे काळ्या आयाळीचा तांबूस, मुश्की काळाभोर, अबलख ठिपक्या-पट्ट्यांचा, नुकरा पांढरा, आणि चारही पाय नि तोंड पांढरं असलं तर पंचकल्याणी. घोड्याच्या कातडीसाठी आपल्याकडे इतका बारीक शब्दसंग्रह आहे, आणि तो नुसता बघण्याचा आहे, जनावर नीट ओळखण्याचा.

माणसांसाठीही शब्द आहेतच की. गव्हाळ, निमगोरा, सावळा, काळासावळा. किती सुंदर शब्द आहेत. पण ते आपण कुठे वापरतो? स्थळांच्या जाहिरातीत. तिथे ते रंग नसतात, उतरत्या क्रमानं लावलेले दर असतात. म्हणून परीक्षकाच्या लेखणीतून 'सावळा' आला नाही, 'मळकट' आला. धुऊन काढण्यासारखा.

दिवाळीचे किल्लेच बघा ना. पुण्यात कसबा पेठेत कुंभारवाड्यात दिवाळीआधी मावळे विकायला बसतात, ते पाहायला मी दर वर्षी जातो आणि दर वर्षी दोन-चार घेतो. रणगाडे बाजूला ठेवा, छोटे सैनिक रंगवायची आपली स्वतःची परंपरा हीच. तोफवाला, भालदार, पहारेकरी, सिंहासनावर महाराज. घाट सुरेख असतो कधीकधी. पण तोंड? मी घेतलेले जवळपास सगळे एकाच गुलाबीत बुडवलेले. मावळच्या डोंगरउतारावर उन्हात शेती करणारा माणूस, पावसाळा संपला की तलवार घेऊन निघालेला, आणि त्याचा गाल बेबी पावडरच्या जाहिरातीतला. यात कुंभारांना दोष देऊ नका. एका नगामागे त्यांना जे मिळतं त्यात दुसरा हात मारणंही परवडणार नाही, आणि ते आपल्याला हवं तेच बनवतात. तपकिरी मावळा ठेवला तर 'हा जरा काळपट आहे, दुसरा दाखवा' कोण म्हणतं? आपणच म्हणतो.

शाळेतला 'स्किन कलर' आठवतोय? तेलखडूच्या डब्यातला तो पीचसारखा खडू. "ए, स्किन कलर दे ना." अमेरिकेत क्रेयोलानं आपल्या अशाच खडूचं 'फ्लेश' हे नाव १९६२ मध्ये बदलून 'पीच' केलं. आपल्याकडे मुलांच्या तोंडी 'स्किन कलर' अजून आहे. परवा भाचीनं माझ्याकडे तोच मागितला.

माझ्या वर्गात धडगावकडचा एक पावरा मुलगा होता, वसतिगृहात राहायचा. चित्रकला उत्तम, माझ्यापेक्षा कितीतरी. 'माझे कुटुंब' या विषयावर त्यानं आई, वडील, दोन बहिणी, बकरी आणि स्वतःला काढलं होतं. बकरी हुबेहूब काळी-पांढरी, अबलख म्हणावी अशी. माणसं सगळी स्किन कलरमध्ये. चित्र भिंतीवर लागलं. कुणालाच काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही, त्यालाही बहुधा नाही. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात शेकडा ६९ हून जास्त लोक आदिवासी आहेत. त्या वर्गातल्या एकाचाही रंग त्या खडूचा नव्हता आणि त्या खडूचं नाव मात्र 'कातडीचा रंग'. हे चित्र मला ती गुलाबी तोंडं खरवडताना आठवलं, मध्ये वीसेक वर्षं गेल्यावर.

आता 'फिगर्स मिळतच नाहीत आपल्या' हे गाऱ्हाणं. खरं आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यात २५ लाखांच्या आसपास लोक होते, स्वखुशीनं भरती झालेले. तरी दुकानात जर्मन पायदळाच्या खोक्यांचा ढीग असतो आणि आपले शोधावे लागतात. इटलीच्या मोहिमेत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नायक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, टायबरच्या वरच्या खोऱ्यात. त्यांच्या तुकडीतले जवळपास सगळे पडल्यावर एकटे मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच मारले गेले, वय २२. दुसरे शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदीकाठी. त्यांनी जखमी साथीदारांना सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून आणलं आणि मग परत फिरून मशीनगनच्या जागा बंद पाडल्या. इटलीत माँतोने गावात घाडग्यांच्या नावानं २०२३ मध्ये स्मारक झालं, सूर्यघड्याळाच्या रूपात. माणगाव आणि नगर जिल्ह्यातली ही माणसं. त्यांना रंगवायचं तर ब्रिटिश पायदळाची फिगर घेऊन डोकं बदलता येतं, कपडे जवळपास तेच होते. आणि मग अशा फिगरवर तुम्ही कुठली बाटली उघडता, यावर ते घाडगे आहेत की डर्बीचा कुणी टॉमी, हे ठरतं. साडेसहा मिलिमीटरात दुसरं काहीही ते ठरवत नाही. नाक-डोळे त्या मापाला दिसतात कुठे?

मला पुढेमागे खानदेश भिल्ल कोअरचा शिपाई करायचाय. आउट्रॅमनं १८२५ मध्ये धरणगावला उभी केलेली पलटण, आमच्या भागातल्याच लोकांची. त्याचं तयार खोकं मिळायची आशा नाही, सगळं पुट्टीतून घडवावं लागेल. त्याला मी स्किन कलर लावणार का?

बरं, नुसतं भांडून काय उपयोग, कृती देतो. महागडे सेट घेऊ नका, साध्या ॲक्रिलिकच्या ट्यूब पुरतात. बर्न्ट सिएना दोन भाग, यलो ऑकर एक भाग, हा पाया. माणसागणिक प्रमाण बदला, एका गाडीतले चौघे एकाच डबक्यातून काढू नका, आपल्या हापिसातल्या कुठल्याही चौघांना शेजारी उभं करून बघा. सावलीला बर्न्ट अंबर आणि सुईच्या टोकाएवढा अल्ट्रामरीन. काळा नको, काळ्यानं चेहरा मरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उजेडाच्या जागी पांढरा घालू नका. तपकिरीत पांढरा गेला की ती राखाडी होते, माणूस आजारी दिसतो, आणि मग खरंच कुणी मळकट म्हणालं तर त्याचं बरोबर असतं. (माझ्या पहिल्या प्रयत्नात हेच झालं होतं. परीक्षकांना इतकं तरी द्यायला हवं.) ऑकर वाढवा, जमलं तर किंचित नारिंगी. गडद कातडीवर उजेड पसरत नाही, चमकतो. तेव्हा नाकाचा शेंडा, गालाचं हाड आणि कपाळ इथे छोटे, स्पष्ट ठिपके, आणि शेवटी त्यावर अर्धचमकदार वार्निशचा एक थेंब. घाम तयार. ओठ लाल करू नका. डोळ्यांत पांढरा भरू नका, नाहीतर माणूस भूत पाहिल्यासारखा दिसतो. एक गडद रेघ पुरते.

या दिवाळीत दुसरा रणगाडा नेला, या वेळी टी-५५, ड्रायव्हर डावीकडे. नानांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, रंग जमला, पण याच्या डोळ्याभोवती काहीच नाही? मला कळेना. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांभोवती बोट फिरवून दाखवलं. राजस्थानात दिवसभर डोकं बाहेर काढून गाडी चालवायची, धूळ, डिझेल, ऊन. संध्याकाळी गॉगल काढला की डोळ्यांभोवती दोन फिकी वर्तुळं. लाइनीत सगळे एकमेकांना हसायचे. सुट्टीवर घरी आले तरी आठवडाभर ती जायची नाहीत.

हे कुठल्याच पुस्तकात मी वाचलं नव्हतं. तीन वीकांत तेच चाललंय. आता पायाच्याच रंगात थोडा ऑकर घालून, तीन केसांच्या ब्रशनं. काल फोटो काढून नानांच्या नातवाच्या मोबाइलवर पाठवला. उत्तर आलं, नातवानं टाइप केलेलं: "नाना म्हणतात, इतलं मोठं नही. गॉगल लहान व्हता."