वाघ मोजायला एक साक्षीदार पुरत नाही

ट्रॅप कॅमेरे, रेडिओ कॉलर, आवाज टिपणारी यंत्रं, विष्ठेतून काढलेला डीएनए हे सगळं जंगलात एकत्र आणणं ही खर्चिक हौस आहे, अनुभवी वनमजुराची नजर पुरेशी आहे, असं मत वारंवार मांडलं जातं. त्यातली वनमजुराविषयीची आस्था खरी, पण निष्कर्ष चुकीचा. कित्येक दशकं आपण वाघ मोजले ते पायांच्या ठशांवरून. ठशावर काच ठेवायची, रेघ उमटवायची आणि त्यावरून जनावर ओळखायचं. पण त्याच वाघाचा ठसा चिखलात एक उठतो आणि फुफाट्यात दुसराच. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तोवर कागदावर मात्र ते सुखाने नांदत होते. नजर कमी पडली म्हणून हे घडलं नाही. त्या नोंदीची उलटतपासणी करणारं दुसरं काहीच नव्हतं.

म्हणून सगळी भिस्त कॅमेऱ्यावर टाकणारेही तीच चूक नव्याने करतात. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे सारखे नसतात. त्यामुळे वाटेच्या दोन बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, कॅमेरे समोरासमोर बांधावे लागतात. एक बंद पडला की डावी कूस एक वाघ आणि उजवी कूस दुसरा, असा हिशेब होण्याची भीती. २०१८ च्या देशव्यापी गणनेत सुमारे साडेतीन कोटी फोटो निघाले, त्यांत वाघांचे ७६,६५१. अंदाज आला २,९६७ वाघांचा, पण फोटोंतून प्रत्यक्ष ओळखले गेले २,४६१. उरलेला आकडा हवेतून आलेला नाही. वनरक्षकांनी पायी फिरून टिपलेल्या पाऊलखुणा आणि विष्ठा, उपग्रहावरून दिसणारं जंगल आणि संख्याशास्त्र यांच्या मेळातून तो आला. म्हणजे ज्याला यंत्र हुसकावून लावणार असं म्हणतात, त्याच्या पायपिटीशिवाय यंत्राचा हिशेब पुरा होत नाही.

कॅमेरा जागचा हलत नाही. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ शेतं, नाले, महामार्ग ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. ती वाट कळली गळ्यातल्या कॉलरमुळे. पण कॉलर एकाच जनावराची कहाणी सांगते, त्या वाटेवर आणखी किती जण येतात-जातात हे नाही. आणि रानपिंगळा? १८८४ नंतर तो थेट १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. वाटेवरच्या कॅमेऱ्यासमोर येण्याचं या वीतभर पक्ष्याला काही कारण नाही. त्याला शोधायला कान हवेत, म्हणजे आवाज टिपणारी यंत्रं.

खर्चाचा आक्षेप फार टिकत नाही. चुकीच्या आकड्यावर आखलेलं संवर्धन याहून महाग पडतं. पाळतीचा आक्षेप मात्र खरा आहे. कॉर्बेट परिसरात सरपण-गवताला जाणाऱ्या बायकांवर कॅमेरे आणि ड्रोन यांचा दबाव येतो, हे केंब्रिजच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये दाखवून दिलं. त्यावर ‘वाघासाठी एवढं सोसा’ हे उत्तर असभ्य आहे. पण कॅमेरेच उतरवणं हेही उत्तर नव्हे, कारण मग आपण पुन्हा काच आणि कागदावर येतो. कॅमेरे कुठे आणि किती दिवस लागणार हे ग्रामसभेला आधी कळवावं, माणसांचे फोटो छाननीतच पुसले जावेत, आणि ते कारवाईसाठी वापरायला लेखी मनाई असावी. ज्या यंत्रणेला साडेतीन कोटी फोटोंतून वाघ वेगळे काढता आले, तिला माणसं वेगळी काढून पुसणं जमत नाही, हे कुणी पटवून घ्यावं?