सगळं माझ्या डोक्यात आहे!

"लोक कामच करत नाहीत हो, सगळं आपल्यालाच करावं लागतं!"

परदेशातल्या कुठल्याही मंडळाच्या, संघाच्या, समितीच्या पदाधिकाऱ्याशी पाच मिनिटं बोला. हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. दोह्यात मी ते असंख्य वेळा ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर स्वतःही तितक्याच वेळा म्हटलंय. आज त्याच वाक्याविरुद्ध लिहायला बसलोय.

माझं म्हणणं सरळ आहे. लोक काम करत नाहीत हे खोटं आहे. आपण त्यांना काम देतच नाही, देतो ती हमाली. खुर्च्या लावायच्या असल्या की "आपलं मंडळ", आणि हॉल कुठला घ्यायचा, पैसे कशावर खर्च करायचे हे ठरवायचं असलं की "ते कमिटी बघेल". कमिटी म्हणजे तरी कोण? अध्यक्ष, अध्यक्षांचे मित्र आणि एक बिचारा खजिनदार. वहिनींना रांगोळी आणि मसालेभात. तरुण पोरांना साउंड सिस्टिम. आणि मग वर्षाच्या शेवटी भाषणात खंत, की नवी पिढी पुढे येत नाही. येईल कुठून? पुढे जागाच नाही ना, तिथे आपण बसलोय!

दुसऱ्या कुणाचं उदाहरण देत नाही, स्वतःचंच देतो.

दोह्यात आमचा आठ-दहा जणांचा एक गट होता. नाव नाही, बॅनर नाही, पदं नाहीत. इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या कॅम्पात जायचं, कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाचे कागद वाचून द्यायचे, आणि वेळ आलीच तर एखाद्याचा मृतदेह गावी पाठवायच्या कामात मदत करायची. हे शेवटचं काम किचकट असतं. दवाखान्याचा मृत्यूचा दाखला, पोलिसांचा कागद, कंपनीचं पत्र, गावाकडून नातेवाइकांचं संमतीपत्र, आपल्या दूतावासाचं ना हरकत प्रमाणपत्र, पासपोर्ट रद्द करणं, देह टिकवण्याची प्रक्रिया, विमानाच्या कार्गोचं बुकिंग, आणि मुंबईला उतरल्यावर गावापर्यंतची गाडी. एक कागद अडला की पुढचा सगळा क्रम अडतो. हे सगळं मला पाठ होतं. कुठल्या खिडकीवर आधी जायचं, कुणाला किती वाजता फोन करायचा, मुंबईतला अँब्युलन्सवाला कोण. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, "तुम्ही कशाला डोकं शिणवता? सगळं माझ्या डोक्यात आहे."

२०११ च्या गणपतीत मी सुट्टीवर कोकणात होतो. आमच्या गावात तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती. त्याच आठवड्यात मराठवाड्यातला एक शटरिंग कारपेंटर कॅम्पात झोपेतच गेला. चौतिशीचा माणूस. गटातली मंडळी लगेच धावली, पण क्रम कुणालाच माहीत नव्हता. संमतीपत्र कशा मसुद्याचं लागतं हे ठाऊक नव्हतं, म्हणून ते गावाकडून दोनदा मागवलं. मुंबईतल्या गाडीचा नंबर माझ्या डायरीत, आणि डायरी माझ्या टेबलाच्या खणात, कुलपात. चार दिवस जास्त लागले. त्याचा भाऊ आणि दोन गाववाले मुंबई विमानतळाबाहेर टेम्पो घेऊन ताटकळत बसले होते, हे मला नंतर कळलं.

मी परत आलो तेव्हा गटातले सगळे म्हणाले, "साहेब, तुमच्याशिवाय पान हलत नाही बघा." आणि मंडळी, काय सांगू, मला बरं वाटलं! पुढच्या शुक्रवारी त्या भावाचा फोन आला. माझे आभार मानायला. चार दिवस कुणामुळे गेले हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो फोन ठेवला आणि आपण आठ वर्षं जिला समाजसेवा म्हणत होतो ती नक्की काय होती, हे पहिल्यांदा कळलं.

आता गंमत बघा. मी पेशानं इंजिनियर. रास लफानच्या प्लँटमध्ये वर्षानुवर्षं काम केलेला माणूस. तिथे पाळी संपली की लॉगबुकात नोंद केल्याशिवाय आणि येणाऱ्या माणसाला समोर उभं करून सांगितल्याशिवाय कुणी घरी जात नाही. कुठला पंप बंद, कुठला व्हॉल्व्ह काढलेला, कुठलं परमिट अजून उघडं, सगळं. हा नियम रक्तानं लिहिलेला आहे. ६ जुलै १९८८ ला नॉर्थ सीमधल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर दिवसपाळीनं एका कंडेन्सेट पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढून ठेवला होता. ही माहिती रात्रपाळीपर्यंत नीट पोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हाच चालू केला. १६७ माणसं गेली. आमच्या धंद्यातल्या प्रत्येक पोराला हा धडा शिकवतात: माहिती एका डोक्यात राहिली की माणसं मरतात.

आणि तोच मी, दिवसभर हॅण्डओव्हरचे धडे देणारा, संध्याकाळी कॅम्पात गेलो की कुलूपबंद डायरीवाला! प्लँटमध्ये प्रत्येक महत्त्वाच्या पंपाला स्टँडबाय पंप असतो. आपल्या मंडळातल्या सेक्रेटरीला स्टँडबाय कोण, विचारून बघा. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच. कुणी नाही.

कतारमध्ये तर हा वेडेपणा जास्तच महागात पडतो. पुण्या-मुंबईचा अध्यक्ष तीस वर्षं त्याच गल्लीत सापडतो. इथे आपलं राहणं नोकरीच्या व्हिसावर टांगलेलं. २०१४ च्या मध्यापासून तेलाचे भाव कोसळले आणि त्यानंतर कित्येक कुटुंबांनी दोन महिन्यांत घर आवरलं. जून २०१७ मध्ये शेजारी देशांनी नाकेबंदी केली, तेव्हा पुन्हा तीच धाकधूक. म्हणजे इथला कुठलाही कार्यकर्ता एका ई-मेलच्या अंतरावर आहे. तो गेला की त्याच्याबरोबर हॉलच्या मालकाशी असलेली ओळख जाते, दूतावासातली ओळख जाते, सामान कुणाच्या गॅरेजमध्ये ठेवलंय ही माहितीसुद्धा जाते. नव्या माणसाला पुन्हा श्रीगणेशा.

शिवाय इथे पैशाच्या जोरावर संस्था चालवता येत नाही. परवान्याशिवाय देणग्या गोळा करणं हा कतारमध्ये गुन्हा आहे, आणि आपल्या लोकांचं संघटित काम चालतं ते दूतावासाच्या छत्राखालच्या संस्थांमधून. इंडियन कल्चरल सेंटर, इंडियन कम्युनिटी बेनेव्होलंट फोरम, इंडियन स्पोर्ट्स सेंटर या त्यातल्या प्रमुख. तेव्हा आपल्यासारख्या लहान गटांकडे भांडवल एकच: माणसांचा वेळ आणि त्यांना असलेली माहिती. तेच भांडवल कुलपात ठेवायचं आणि वर दिवाळं निघालं म्हणून रडायचं!

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. "अहो, सगळ्यांना विचारत बसलं तर काहीच होत नाही. बारभाईची खेती!" ही म्हण आपल्याला भारी आवडते. म्हणीचा उगम काही असो, इतिहासातल्या बारभाईंचं काय झालं ते तर बघा. १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाला, राघोबा गादीवर बसला. तेव्हा सखारामबापू, नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे अशा मंडळींनी एकत्र येऊन कट केला, चाळीस दिवसांच्या मुलाला पेशवाईची वस्त्रं मिळवून दिली, आणि राज्य चालवलं. इंग्रज राघोबाच्या मदतीला आले, तर जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांना नाक घासायला लागलं. ही बारभाईची खेती! चांगलं पीक आलं की.

पुढे काय झालं? बारभाईतला एकेक भाई बाजूला पडत गेला. सखारामबापू तर नानांच्याच कैदेत गेले. कारभार एका डोक्यात गोळा झाला. ते डोकं फार मोठं होतं, यात शंका नाही. पण १३ मार्च १८०० ला नाना गेले, आणि पुण्यातला इंग्रज रेसिडेंट पामर यानं लिहिलं की मराठ्यांच्या राज्यातलं शहाणपण त्यांच्याबरोबर गेलं. आपण हे वाक्य नानांची थोरवी म्हणून अभिमानानं सांगतो. मला आता ते आरोपपत्रासारखं वाचता येतं. एक माणूस गेल्यावर राज्याचं शहाणपण जात असेल, तर पंचवीस वर्षांत त्यानं तयार कुणाला केलं? नाना गेल्यावर तीन वर्षांच्या आत, ३१ डिसेंबर १८०२ ला, दुसऱ्या बाजीरावानं वसईच्या तहावर सही केली. (दोष एकट्या नानांचा नव्हता, हे मलाही कळतं. पण आपल्या अध्यक्षांना नाना व्हायचं असतं, म्हणून सांगतोय.)

जुनं नको असेल तर आजचं घ्या. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे गोंडांचं छोटं गाव. तिथे ग्रामसभेत बहुमतानं निर्णय होत नाही, सर्वसहमतीनं होतो. कुणाचा विरोध असेल तर विषय पुढच्या सभेला. निर्णय घ्यायची सभा वेगळी आणि विषय समजून घ्यायचा अभ्यास गट वेगळा. देवाजी तोफांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण गाव त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर चाललं नाही. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आणि आपण, एम.टेक., एम.बी.ए. झालेली माणसं, स्नेहसंमेलनाचा मेनू ठरवताना दोन गट पाडतो!

माझा मुद्दा असा, की मिळून नेतृत्व करणं हा स्वभाव नाही, ते कसब आहे. वेल्डिंगसारखं. बघून येत नाही, हात भाजून येतं. प्रोजेक्टर लावून "लीडरशिप"वर व्याख्यान ठेवलं की झालं, असं नाही. त्या घटनेनंतर आम्ही जे केलं ते सांगतो, अगदी साधं आहे.

एक, डायरी फोडली. प्रत्येक कामाचा क्रम एका वहीत लिहिला, वहीच्या तीन प्रती तीन घरी ठेवल्या. दोन, कुठलंही काम एकट्यानं करायचं नाही, जोडीनं करायचं, आणि जोडीतला एक जण नवखा हवा. तीन, बैठकीत अनुभवी माणसानं शेवटी बोलायचं. (हे मला सगळ्यात जड गेलं. जीभ चावून बसायचो.) चार, जे पटलं नाही तेही नावानिशी वहीत लिहायचं, म्हणजे बाहेर पार्किंगमध्ये वेगळी सभा भरत नाही. पाच, कॅम्पातले दोघे जण गटात घेतले, मदत घेणारे म्हणून नव्हे, ठरवणारे म्हणून. त्यासाठी बैठका शुक्रवारी सकाळी कॅम्पाजवळ ठेवल्या, कारण त्यांना सुट्टी तेवढीच.

फुकट काही मिळालं नाही. पहिलं वर्ष सगळं हळू झालं. एका नवख्यानं कार्गोचं बुकिंग चुकवलं, मी रागानं लाल. एक जुना मित्र "आता इथे कुणीही उठतो आणि बोलतो" म्हणून गट सोडून गेला, तो आजतागायत नीट बोलत नाही. त्याचं मला वाईट वाटतं.

पण मार्च २०२० मध्ये करोनामुळे इंडस्ट्रियल एरियाचा काही भाग बंद झाला. आत जाता येईना. आमच्यासारखे गाडीवाले, इंग्रजीवाले सगळे बाहेर. त्या वेळी आतल्या त्या दोघांनीच खोलीवार याद्या केल्या. कुणाला मधुमेहाच्या गोळ्या हव्यात, कुणाचं रेशन संपलंय, कुणाच्या घरी फोन करायचाय. फोनवरून याद्या बाहेर आल्या, आम्ही त्या पोचत्या करण्याचं तेवढं काम केलं. त्यातला एक सुतार आहे, एक स्कॅफोल्डिंगवाला. दोघांनी कधी "लीडरशिप" हा शब्दही उच्चारला नसेल. त्या महिन्यात त्यांनी एकदाही मला विचारलं नाही, "साहेब, आता काय करू?" आठ वर्षांत "तुमच्याशिवाय पान हलत नाही" ऐकून जेवढं बरं वाटलं नव्हतं, तेवढं ते न विचारण्यानं वाटलं.

तेव्हा पदाधिकारी मंडळी, राग मानू नका, पण एक करून बघा. पुढचा महिनाभर सुट्टीवर आहोत असं समजा. फोन उचलू नका. काय बंद पडतं त्याची यादी करा. ती यादी म्हणजे तुमची कर्तबगारी नव्हे, तुमची थकबाकी आहे. ती फेडायला लागा, ई-मेल यायच्या आधी.

असो. माझी डायरी आता रिकामी आहे. खणाला कुलूपही लावत नाही.