तिथीची पाऊणपट

सहलीचा विषय निघाला की वर्गातून एकच मागणी येते: समुद्र, आणि तोही गर्दीचा नको. कोणी काणकोणजवळच्या बटरफ्लाय बीचचे नाव घेतो, कोणी कारवारसमोरच्या बेटांचे. रस्ता जेथे संपतो तेथून होडीने पुढे जायचे आणि ज्या वाळूवर दुसऱ्या कोणाचे पाऊल नाही तेथे दिवस घालवायचा, ही कल्पना तरुण मनाला ओढ लावणारी आहे यात शंका नाही. शिक्षकवर्गाचे उत्तरही ठरलेले असते: नको. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावहून गेलेल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या सहलीतील आठ जण बुडाले. तेव्हापासून या गावात सहलीच्या संदर्भात समुद्राचे नाव काढले की पालकांचे चेहरे बदलतात, आणि ते रास्तच आहे.

तरीही ‘नको’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. मनाईचे परिपत्रक फलकावर लागते आणि त्याच आठवड्यात चार मुले मोटारसायकलींवरून, कोणालाही न सांगता, तेथेच जाऊन येतात. परिपत्रकाने मुले थांबत नाहीत, फक्त त्यांच्याबरोबर जाणारा शिक्षक तेवढा थांबतो. माझे म्हणणे असे की, होडीने जावे लागते अशा वाळूवर विद्यार्थ्याने खुशाल जावे. मात्र तेथे पाणी केव्हा चढणार हे त्याला घरून निघण्यापूर्वी सांगता आले पाहिजे. आणि ही वेळ जेथे कोणालाच सांगता येत नाही, तेथे कोणीही जाऊ नये, मग ती जागा कितीही रमणीय असो.

समुद्राच्या बाबतीत ही वेळ सांगणे फार सोपे आहे. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पक्ष बदलला की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास मागे पडते आणि तिथी रोज एकाने पुढे जाते, म्हणून हे गणित जमते. ते मुंबईच्या बाजूला चांगले बसते. गोवा-कारवारकडे थोडे पुढेमागे होते, पण सहल आखायला तेवढे पुष्कळ झाले. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला चंद्रसूर्यांचे आकर्षण सूत्रासकट पाठ असते, पण आज भरती किती वाजता असे विचारले तर तो गप्प बसतो. आमच्या शिकवण्यावर याहून बोलकी टीका दुसरी नसेल.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या जत्रा बहुधा पौर्णिमा-अमावास्येला भरतात, आणि उधाणही त्याच दिवशी असते. कारवारसमोरच्या कूर्मगडावर नरसिंहाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. २१ जानेवारी २०१९ रोजी या जत्रेहून परतणारी होडी उलटली आणि सोळा माणसे गेली. होडीत माणसे जास्त होती, हे त्याचे मुख्य कारण. पण पौर्णिमेच्या पाण्यात जास्त माणसे घेणे आणि अष्टमीच्या पाण्यात घेणे यांत फरक आहे, आणि तो धक्क्यावर उभे राहून होडीची वाट पाहणाऱ्याला कळायला हवा होता.

येथवरचे सारे समुद्राविषयी झाले. माझी खरी काळजी वेगळ्या पाण्याची आहे, आणि त्यासाठी वाचकांना समुद्रापासून दूर माळव्यात न्यावे लागेल.

मी मूळचा देवासचा. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने, त्यामुळे तेथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना देवास हे नाव ठाऊक असेल ते कुमार गंधर्वांमुळे. येथल्या सुळेभावीत जन्मलेले कुमारजी १९४८ साली क्षयाच्या दुखण्यात कोरडी हवा मानवेल म्हणून देवासला गेले आणि १९९२ साली तेथेच वारले. मी उलट्या दिशेने आलो, इतकेच. ती हवा किती कोरडी, तर १९९० च्या उन्हाळ्यात देवास शहराला इंदूरहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा गावच्या मुलाला वाळू आणि होडी भेटायची ती दक्षिणेला, नर्मदेवर. देवास आणि धार या दोन्ही जिल्ह्यांची दक्षिण सीमा पुष्कळशी नर्मदेनेच आखली आहे. मांडवगडावर रूपमतीच्या मंडपात उभे राहिले की खाली निमाडचे मैदान पसरलेले दिसते, आणि हवा स्वच्छ असेल तर त्याच्या कडेला नर्मदेची चकचकीत रेघ. आमच्या लेखी समुद्र तो हाच.

धार जिल्ह्यात, आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या खलघाटच्या पुलाखालच्या अंगाला धरमपुरी नावाचे गाव आहे. तेथे नदीच्या पात्रात एक बेट आहे आणि त्यावर बिल्वामृतेश्वराचे देऊळ. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी त्या बेटावर होडीने गेलो होतो. गावाचा गलबला घाटावरच राहतो. देवळापासून थोडे दूर गेले की झाडी, मग उतरती वाळू, आणि वाळूच्या कडेला इतके स्वच्छ पाणी की तळाचे गोटे मोजावेत. उन्हाळ्यात नर्मदेच्या अशा वाळूत केवट आणि कहार मंडळी कलिंगडे-खरबुजे लावीत आली. म्हणजे आपण जिला निर्जन म्हणतो ती वाळू कोणाच्या तरी चार महिन्यांच्या पोटाची असते. गोव्याच्या कोणत्याही लपलेल्या किनाऱ्याने हेवा करावा अशी ती जागा आहे, आणि तेथे लाटा नाहीत, खारे पाणी नाही, भरती नाही.

भरती नाही असे मी धरून चाललो होतो. होडीवाल्याने मात्र उतरल्याबरोबर पाण्याच्या काठाशी एक काटकी रोवली. दोन तासांनी आम्ही परत आलो तर काटकी वीतभर पाण्यात. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. मी विचारले, ‘‘दादा, हे काय?’’ तो म्हणाला, ‘‘ऊपर से छोड़ा है।’’ केव्हा सोडतात, असे विचारल्यावर त्याने हात हलवला. त्याला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर काटकी कशाला रोवली असती?

वरच्या अंगाला काय आहे ते आता सांगतो. पुनासा येथे इंदिरासागर, १००० मेगावॅटचे. त्याखाली ओंकारेश्वर, ५२० मेगावॅटचे. दोन्ही धरणांवर जलविद्युत केंद्रे आहेत, आणि अशा केंद्राचा मोठा गुण हा की मागणी वाढली की ते झटकन सुरू करता येते. संध्याकाळी शहरांत दिवे लागतात, टर्बाइने फिरू लागतात, आणि त्यांच्यातून सुटलेले पाणी खाली वाळूवर चढत जाते. धरणे झाल्यापासून नर्मदेलाही भरती-ओहोटी आली आहे. समुद्राची भरती चंद्र ठरवतो, ही भरती इंदूर-भोपाळची विजेची मागणी ठरवते. ती पंचांगात नाही.

पंचांग पाहून पाण्याकाठी गेलेल्या माणसांचे काय होते, ते ७ एप्रिल २००५ च्या रात्री देवास जिल्ह्यात दिसले. बागली तालुक्यात नर्मदेवर धाराजी नावाचे क्षेत्र होते. नदी तेथे खडकांवरून धारांनी पडे आणि खालच्या धावडी कुंडात पाण्याने घासून घासून गुळगुळीत झालेली बाणलिंगे सापडत. महाराष्ट्रातल्या किती देवघरांत ती असतील कोण जाणे. दरवर्षी भूतडी अमावास्येला तेथे मोठी जत्रा भरे. आपल्या पंचांगात ती फाल्गुनाची अमावास्या, तिकडच्या पंचांगात चैत्राची. बाधा झालेल्यांना स्नान घालण्यासाठी गावोगावचे लोक आदल्या दिवशी येऊन पात्रातल्या खडकांवर, वाळूवर पथाऱ्या टाकीत. उन्हाळ्यात पात्र कोरडे असते हा त्यांचा पिढ्यांचा अनुभव, आणि तो खोटा नव्हता. त्या रात्री इंदिरासागरमधून विजेसाठी सोडलेले पाणी आले. पन्नासहून अधिक माणसे वाहून गेली.

जत्रा भरते हे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक होते. पाणी सुटणार हे धरणावर ठाऊक होते. या दोन माहित्या एकाच टेबलावर आल्या नाहीत. देवासमध्ये एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये शेजारीशेजारी नांदत होती. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांच्या नोकरीत होता, त्याने ती गंमत पुढे पुस्तकात लिहून ठेवली आहे. दोन कचेऱ्यांनी एकमेकींना न विचारण्याची परंपरा तेथे जुनीच म्हणावी. पण संस्थानी काळात ती गंमत होती. पुढे धाराजीचे ते खडक आणि कुंडही ओंकारेश्वरच्या जलाशयाखाली गेले. दुर्घटनेची जागाच उरली नाही, म्हणून ती विसरलीही लवकर गेली.

असे फक्त माळव्यात घडते असे कोणी समजू नये. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या खडकांवर छायाचित्रे घेत उभ्या असलेल्या हैदराबादच्या चोवीस अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना लारजी धरणातून सुटलेल्या पाण्याने नेले. तीही महाविद्यालयाची सहल होती.

यावर उत्तर ठरलेले असते: घाटाघाटांवर पाट्या लावल्या आहेत, भोंगे वाजतात. पाट्या मीही वाचल्या आहेत. धरणातून केव्हाही पाणी सोडले जाऊ शकते, अशा अर्थाचा मजकूर त्यांवर असतो. ‘केव्हाही’ ही माहिती आहे काय? समुद्रकिनाऱ्यावर ‘भरती केव्हाही येते’ अशी पाटी लावली तर आपण हसू. ज्याला बारा महिने त्या पाण्यावरच पोट भरायचे आहे त्या होडीवाल्याला ‘केव्हाही’ सांगणे म्हणजे काहीच न सांगणे. फक्त उद्या काही झाले तर आम्ही सांगितले होते असे म्हणायची सोय. भोंग्याचे म्हणाल तर त्याचा आवाज धरणाच्या पायथ्याशी ऐकू जातो. धरमपुरी पुष्कळ खाली आहे.

बरे, वेळ कोणालाच ठाऊक नसते म्हणावे, तर तसेही नाही. आपल्या देशात दुसऱ्या दिवशी कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची याचे वेळापत्रक आदल्या दिवशी तयार होते, दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून. ऐन वेळी त्यात फेरबदल होतात, पण आराखडा हातात असतो. म्हणजे नर्मदेच्या या नव्या भरतीचे पंचांग रोज लिहिले जाते. कचेरीत ते आहे, घाटावर नाही. आणि ते घाटावर आणणे अशक्य आहे असेही कोणी सांगू नये. आपल्याजवळ गणेशगुडीला काळी नदीवर राफ्टिंग चालत आले ते सुपा धरणातून विजेसाठी सोडलेल्या पाण्यावर. पाणी केव्हा येणार हे तेथल्या चालकांना कळते, कारण त्यावर त्यांची तिकिटे विकली जातात. जेथे पाण्याच्या वेळेत कोणाचा नफा आहे तेथे वेळ बरोबर पोचते; जेथे केवळ जीव आहे तेथे पाटी लागते.

मराठी वाचकाला नर्मदा मुख्यतः परिक्रमेमुळे ठाऊक आहे. गोनीदांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मुळे ती कितीतरी घरांत पोचली. परिक्रमेचा नियम असा की वाटेत नर्मदा ओलांडायची नाही, पात्रातल्या बेटावरही जायचे नाही. त्यामुळे धरमपुरीचे बेट परिक्रमावासी काठावरूनच पाहतो. होडीत बसायचे ते एकदाच, शेवटी, जेथे नदी खंभातच्या आखाताला मिळते तेथे विमलेश्वराहून पलीकडे मिठीतलाईला. तेथली भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्या चढउतारांपैकी आहे, आणि होडी सुटते ती भरतीच्या हिशेबाने. मध्यरात्र असो की पहाट, पाणी येईपर्यंत सारे जण किनाऱ्यावर पडून राहतात, आणि उशीर झाला म्हणून कोणी नावाड्याशी भांडत नाही. एवढ्या भयंकर पाण्यावरून वर्षानुवर्षे म्हातारीकोतारी माणसे ये-जा करतात. धाराजीला गुडघाभर पाण्याकाठी झोपलेली माणसे गेली.

भूगोल विभागाने सहलीपूर्वी एक तास घेऊन भरतीचे गणित शिकवावे आणि ज्याला ते येईल त्यालाच होडीत घ्यावे, अशी सूचना मी लेखी दिली आहे. यंदाची सहल कोठे न्यायची हे अजून ठरलेले नाही. समुद्राकडे गेली तर पंचांग माझ्यापाशी आहे. नदीकडे गेली तर वरच्या धरणाच्या कार्यालयाला त्या दिवशीच्या विसर्गाच्या वेळा विचारणारे पत्र महिनाभर आधी पाठवावे लागेल, आणि त्याचे उत्तर हाती पडल्याशिवाय गाडीची अनामत भरू नये.