आधी दिशा, मग आराखडा

१५ मार्च १९५९. मुंबईतल्या गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. तिथून ‘लिज्जत’ ही संस्था उभी राहिली.

त्यांच्याकडे जाडजूड प्रकल्प अहवाल नव्हता, पण काही गोष्टी पक्क्या होत्या. कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही. लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण. नफा झाला तर सगळ्यांचा, तोटाही सगळ्यांचाच. पुढे भांडवल, माल, विक्री यांचे निर्णय याच चौकटीत बसत गेले.

आज बचत गट असो वा शेतकरी उत्पादक कंपनी, अनेकदा सुरुवात होते ती बँकेला दाखवायच्या आकड्यांपासून. आपण कुणासाठी उभे आहोत, काय कधीच करणार नाही, दहा वर्षांनी कुठे पोहोचायचे आहे, हे प्रश्न मागे राहतात. मग पहिल्याच अडचणीत सभासद चार दिशांना पांगतात.

आकडे हवेतच, पण ते हेतूच्या मागून यावेत. म्हणून विनंती एवढीच: आराखडा लिहायला बसण्यापूर्वी सगळ्या सभासदांना एकत्र बसवा आणि आपला हेतू दोन वाक्यांत लिहून काढा. तो सर्वांना पटला, तरच पुढचे पान उलटा.