नवोदयचा फॉर्म

विहारात पालक जमले की हल्ली एकच वाद! पोराला नवोदयला बसवायचे की नाही? काहींचे म्हणणे, राहणे, जेवण, पुस्तके सरकारची. मग संधी सोडायची कशाला? दुसरे विचारतात, हुशार पोरे उचलून नेली तर जिल्हा परिषदेच्या शाळेत उरणार कोण?

हे दुसरे म्हणणे आम्हांला खोटे वाटत नाही. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालये १९८५-८६ साली निघाली, त्यांतले एक आपल्या अमरावतीचे. सहावीला फार तर ८० मुले. बाकीच्या हजारोंचे काय, हे सरकारला विचारलेच पाहिजे. पण म्हणून आपण आपल्याच लेकरांची वाट का अडवायची? किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या, शिवाय अनुसूचित जातींच्या राखीव जागा. बौद्धांना ही केंद्राची सवलत १९९० साली मिळाली, तीही धर्मांतरानंतर ३४ वर्षे झगडून.

खरी अडचण निराळीच. परीक्षा एकदाच देता येते, पाचवीत. पेपर मराठीत मिळतो, पण ८० पैकी ४० प्रश्न आकृत्यांचे. क्लास लावलेली पोरे त्यांचा वर्षभर सराव करतात. आपली पोरे त्या आकृत्या परीक्षेच्या दिवशीच प्रथम पाहतात. मग लोक क्लासच्या पोरांना ‘जात्याच हुशार’ म्हणतात!

आपल्या पदवीधर तरुणांनी विहारात रोज संध्याकाळी तासभर हा सराव घ्यावा. पाचवीतल्या सगळ्याच पोरांचा, निवडक चौघांचा नव्हे. फॉर्मला फी नाही, तो ऑनलाइन भरायचा. जातीचा दाखला मात्र आतापासूनच काढायला टाका. तहसीलच्या फेऱ्या सगळ्यांना ठाऊक आहेत.