कच्चाच द्या, फोडणी आमची!

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसमधून वेळेत सटकलात (अभिनंदन!), मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर चक्क जागा मिळाली आणि समोर करड्या-जांभळ्या पावसाळी ढगांचा सॉलिड सीन. फोन काढला, क्लिक! स्क्रीनवर बघता तर काय, ढगांना निळसर चकाकी, समुद्र पॉलिश केल्यासारखा आणि शेजारच्या मैत्रिणीचा चेहरा दोन शेड उजळ. लाइक्स मिळतील हो भरपूर, पण ती संध्याकाळ काही अशी नव्हती राव!

हा उद्योग कोणाचा? तुमच्याच खिशातल्या आचाऱ्याचा. तुम्ही बटण दाबता, तो चिरतो, शिजवतो, मसाला घालतो, वर कोथिंबीर भुरभुरवतो आणि ताट वाढून मोकळा होतो. त्या ताटाचं नाव जेपेग (किंवा आयफोनवर हाइक). पण शिजवण्याआधीचा माल मागून घ्यायची सोयही बऱ्याच फोनमध्ये असते. तिचं नाव रॉ.

फंडा असा आहे. सेन्सरवरच्या पिक्सेलला रंग कळतच नाही, आपल्यावर उजेड किती पडला एवढंच कळतं. म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर लाल, हिरवा किंवा निळा असा इवलासा फिल्टर बसवतात. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना १९७६ मध्ये या मांडणीचं पेटंट मिळालं. निम्मे फिल्टर हिरवे, उरलेल्यांत लाल-निळे सारखे. आजच्या बहुतेक फोनमध्ये हीच मांडणी किंवा तिचंच एखादं भावंड असतं. थोडक्यात, फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा एकच रंग मोजलेला असतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांना विचारून ठरवलेले! त्यानंतर फोन उजेडाचा पिवळेपणा काढतो, दाणे पुसतो, कडा धारदार करतो, सावल्या वर उचलतो. शेवटी जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या ठेवतो आणि उरलेली माहिती कचऱ्यात. रॉमध्ये १० बिटला १,०२४ आणि १२ बिटला ४,०९६ पायऱ्या असतात. कोकणकड्यावरचा सूर्यास्त आठवा. आकाश जळतंय आणि मित्र मात्र काळे ठिपके! त्या ठिपक्यांतून चेहरे बाहेर काढायचे, तर या जास्तीच्या पायऱ्याच कामाला येतात. फक्त आकाश पूर्ण पांढरं होऊ देऊ नका. जिथे सेन्सरच ओसंडून गेला, तिथे रॉलाही काही सापडत नाही.

पण खरा मुद्दा पायऱ्यांचा नाहीच. मुद्दा आहे, ठरवणार कोण?

आजीचा फोटो घ्या. ऐंशी वर्षांच्या सुरकुत्या फोनच्या दृष्टीने ‘दाणे’ असू शकतात. पुसून टाकतो बिचारा! अनेक फोनमध्ये सेल्फीला ब्यूटी मोड असतो आणि सावळा रंग म्हणजे दुरुस्त करायची चूक, असं त्या फोनला कोणीतरी शिकवलंय की काय, अशी शंका येते. ही शंका अगदीच हवेतली नाही. २०२१ मध्ये पिक्सेल ६ सोबत गूगलने ‘रिअल टोन’ आणलं, ते कॅमेऱ्यांनी सावळ्या-काळ्या त्वचेवर वर्षानुवर्षं अन्याय केलाय हे मान्य करूनच. लग्नाच्या जाहिरातींतल्या ‘गोरी’ने आपल्याला आधीच पुरेसा ताप दिलाय, आता फोननेही द्यावा?

चंद्राचा किस्सा तर भारीच. मार्च २०२३ मध्ये एका पठ्ठ्याने चंद्राचं चित्र मुद्दाम धूसर करून कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लावलं आणि सॅमसंगच्या फोनने लांबून त्याचा फोटो काढला. फोटोत खड्डे, डाग, सगळं हजर! चित्रात जे नव्हतंच, ते फोनने भरलं होतं. चंद्र ओळखून एआयच्या मदतीने तपशील उठावदार केले जातात, असं कंपनीने सांगितलं. चंद्राचं एक वेळ ठीक, तो तक्रार करत नाही.

आता लगेच सगळं रॉमध्ये टिपायला धावू नका बॉस. पहिल्यांदा बघाल तेव्हा तोंड वाकडं होईल. फिकट, मळकट, दाणेदार. कच्चा बटाटा खाऊन बघा, तसंच. रात्री तर साधा रॉ हमखास हरतो, कारण नाइट मोडमध्ये फोन पटापट अनेक फ्रेम घेऊन एकत्र करतो आणि साध्या रॉमध्ये एकच फ्रेम असते. यावर तोडगा म्हणून ॲपलने डिसेंबर २०२० मध्ये आयफोन १२ प्रोला प्रोरॉ दिलं. फ्रेम जोडण्याचं काम फोनचं, रंग आणि उजेड तुमच्या हातात. म्हणजे भाज्या चिरून, अर्ध्या वाफवून मिळतात. सॅमसंगचं एक्स्पर्ट रॉ याच वाटेवरचं. शुद्धतावादी नाक मुरडतात, मला विचाराल तर कामाची गोष्ट आहे.

प्रो आयफोन नसेल तरी अडत नाही. अँड्रॉइडला २०१४ पासून आणि आयफोनला २०१६ पासून रॉचं दार उघडं आहे. अँड्रॉइडवर प्रो मोडच्या सेटिंग्जमध्ये शोधा किंवा ओपन कॅमेरा टाका. आयफोनवर लाइटरूमचा कॅमेरा किंवा हॅलाइड. फाइल बहुधा डीएनजी असते, ती फुकटच्या स्नॅपसीडमध्येही उघडते. ‘रॉ + जेपेग’ असा पर्याय दिसला तर तोच घ्या. रोजच्या डब्याचा आणि मांजराचा फोटो जेपेगमध्येच बरा, रॉ ठेवा आजीसाठी, ट्रेकसाठी आणि त्या मरीन ड्राइव्हच्या ढगांसाठी.

जागेचं मात्र बघा हं! ४८ मेगापिक्सेलची एक प्रोरॉ फाइल साधारण ७५ एमबी. आयक्लाउडचे फुकटचे ५ जीबी ६६ फोटोंतच संपतात. दर रविवारी बसून नको ते उडवा. आणि फाइल मित्राला पाठवायची असेल, तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर वाटेत आणखी एक आचारी बसलेला आहेच.