उतरण्याला चढाई म्हणू नका

प्रति,
मा. संचालक, पर्यटन संचालनालय,
महाराष्ट्र शासन

महोदय,

परवा भाचीने मोबाईल पुढे केला. ‘मावशी, रविवारी रॉक क्लाइंबिंगला जाऊ? नवख्यांसाठीच आहे.’ जाहिरातीत स्वारगेटहून बस, नाश्ता, जेवण, ड्रोनने चित्रीकरण, सगळं होतं. शिकवणार कोण आणि एका दोरामागे किती जण, एवढंच नव्हतं. मी फोन लावला. ‘मॅडम, क्लाइंबिंग म्हणजे आपण रॅपलिंग करतो,’ पलीकडून उत्तर आलं. चाळीस जण, दोन दोर. म्हणजे पाच तासांत एकेकाच्या वाट्याला दोरावरची पंधरा मिनिटं. बाकी उन्हात रांग.

रॅपलिंग म्हणजे दोरावरून उतरणं. त्यात वाईट काही नाही, पण ती चढाई नव्हे. नवख्याला चढवताना दोर वरच्या अँकरमधून फिरून खाली बिले देणाऱ्याच्या, म्हणजे दोर सांभाळणाऱ्याच्या, हाती येतो. पाय सुटला तर माणूस हातभर खाली येतो, गुडघा खरचटतो, पुन्हा खोबण शोधतो. उतरताना मात्र पहिल्या पावलापासून सगळा भार त्या अँकरवर, आणि तो कोणी, कसा लावला हे नवख्याला ठाऊकही नसतं. हा प्रकार सोपा म्हणून विकला जातो. जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अरुण सावंतांसारखा मुरलेला गिर्यारोहक रॅपलिंगच्या मोहिमेतच आपण गमावला.

शिवाय आपला सह्याद्री. एका थरात कातळ पोलादासारखा, वरच्या थरात हाती धरलेला दगड सरळ निखळून येतो. माथ्यावरून माकडंही धोंडे लोटतात. कपारीत आग्या मोहोळ असलं, तर अत्तर फवारून आलेला एक हौशी गडी सगळ्यांना पळवतो, आणि दोरावर लटकलेल्याला तर पळताही येत नाही. हे सगळं आधी कड्याखाली उभं राहून बघावं लागतं. आमच्या उस्तादांनी सिंहगडावर पहिला दिवस नुसत्या गाठी मारायला लावल्या होत्या. तेव्हा मी मनातल्या मनात भरपूर वैतागले होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये शासनाने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांची नोंदणी आपल्याकडे सोपवली. उत्तम झालं. पण भाचीच्या मोबाईलवर त्या नोंदणीचा मागमूस नव्हता. फ्लॅटच्या जाहिरातीत महारेराचा क्रमांक नसला तर बिल्डरला दंड होतो. मग कड्यावर माणसं लटकवणाऱ्याच्या जाहिरातीत क्रमांक सक्तीचा का नसावा? त्याशेजारी दोन गोष्टी छापायला लावा: चढाई की उतरणं, आणि किती जणांमागे एक प्रशिक्षक.

कृपा करून बंदीचा मार्ग तेवढा धरू नका. बंदी पाळतात त्या १९८२ पासून चालत आलेल्या गिरिप्रेमीसारख्या संस्था. बसवाले दुसरा कडा शोधतात.

भाचीला मी नाही म्हटलेलं नाही. शिकवणारी माणसं शोधते आहे. तोवर ती आमच्या खिडकीच्या गजाला आठाची गाठ मारत बसते. दोराचं शेपूट अजून आखूड ठेवते.

आपली,
एक जुनी प्रस्तरारोहक, पुणे